गुडघा कुठला?

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू सरळ धरून पाहिलेली नाही. हातात आली की ती आधी उलटी होते, चष्मा कपाळावर चढतो आणि बुडावरचं देशाचं नाव वाचून तिचं भवितव्य ठरतं. जर्मनीची असेल तर नातवंडं वापरतील, जपानची असेल तर त्यांचीही नातवंडं, आणि चीनची असेल तर "दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकली तर नशीब." डोंबिवलीच्या त्यांच्या घरात एक कोरियाचा नेलकटर आहे. तो सगळ्या इमारतीत फिरतो, पण परत आला की साडू त्याचा शिक्का तपासून घेतात. न जाणो, कोणी बदलला तर! माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी आमच्या ठाण्याच्या घरी चालली होती, तेव्हा साडूंनी चहाने भरलेला कप डोळ्यांच्या वर नेला आणि खालचं वाचायला जरासा कलता केला. चहा व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. साडू म्हणाले, "काळजी नको, कप खुर्ज्याचा आहे, कपबशांचं गाव ते. त्याला काही होत नाही." लग्न जमलं ते व्याह्यांच्या मोठेपणामुळे.

मी हिशेबी माणूस, मला पुरावा लागतो. ठाणे स्टेशनबाहेर नव्वद रुपयांना घेतलेला माझा चिनी टॉर्च अजून चालतो आहे. त्यांचा जर्मन टॉर्च तेवढ्या काळात तीनदा दुरुस्तीला गेला. हे मी मांडलं, तर म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा चालतो हा अपवाद. माझा बिघडतो हाही अपवाद. तुम्ही नियम बघतच नाही."

मग ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गुडघा गेला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईंचं खाली उतरणं बंद झालं, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, कृत्रिम सांधा बसवू.

"कुठला?" साडूंनी विचारलं.

"उजवा."

"तसं नाही हो. देश कुठला?"

डॉक्टरांनी सांगितलं, इथलाही चांगला मिळतो, बाहेरचाही. हाडाला नीट बसला पाहिजे. पण साडूंचं समाधान होईना. गणपती झाले, दिवाळी झाली, साडूंचे चौकशीचे फोन संपेनात आणि ताई खिडकीत बसून राहिल्या. एका रविवारी मी गेलेलो असताना त्यांनीच विषय काढला.

"अहो, मी कुठली?"

"चिपळूणची."

"आणताना उलटी करून पाहिली होतीत?"

"काहीतरीच काय!"

"मग चालले ना इतकी वर्षं? आता मला खाली जायचंय. फाटकाशी गजरेवाली बसते, तिच्याशी गप्पा मारायच्यात. देश नंतर बघा."

साडू उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेलो. "चुकीचा निवडला तर तो हिच्या अंगात राहणार हो, साडूभाऊ," ते हळूच म्हणाले. "टॉर्च आहे का दुरुस्तीला द्यायला?" त्या दिवशी मी पुरावे मांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांधा निवडायचं डॉक्टरांवर सोडलं आणि ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने सांध्याचा सीलबंद खोका आमच्यासमोर धरला. "उघडायच्या आधी बघून घ्या." सवयीने साडूंचा हात पुढे गेला, चष्मा कपाळावर चढला. आणि हात तिथेच थांबला. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तुम्ही बघा. मला सांगू नका."

मी खोका उलटा केला आणि देशाचं नाव वाचलं. अजून मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

गुढीपाडव्याला ताई तीन मजले स्वतःच्या पायांनी उतरल्या. साडू त्यांच्या पुढे, एक पायरी खाली, ताईंकडे तोंड करून, म्हणजे पूर्ण उलटे उतरत होते. मोगरा कुठल्या गावचा हे विचारल्याशिवाय या माणसाने कधी गजरा घेतलेला नाही. त्या सकाळी त्यांचं लक्ष ताईंच्या पावलांवर होतं. दोन गजऱ्यांचे चाळीस रुपये झाले. त्यांनी गजरेवालीच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि दहा रुपये परत घ्यायचे विसरले.