मक्याच्या ओळीतले कावळे

कावळ्यांशी माझं वैर नोकरीतून आलेलं. पेरणी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या आयरिश कंपनीत मी इंजिनिअर होते आणि माझं काम एकच: मक्याचा प्रत्येक दाणा ठरल्या अंतरावर पडला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. यंत्रातली भोकांची चकती हवेच्या ओढीने एकेक दाणा उचलते आणि नळीत सोडते, इथवर सगळं ग्रँड. मग दाणा नळीच्या भिंतीवर आपटतो, सरीत पडून उडी मारतो आणि शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो. त्याच्या मागे जागा मोकळी. ट्रॅक्टर जितका जोरात, तितका दाण्यांना चेव जास्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ओंगार या उपनगरातल्या घराच्या गॅरेजमध्ये बसून मी ती नळीच काढून टाकली आणि तिथे बारीक ब्रशांचा पट्टा बसवला, दाण्याला बोट धरून खाली नेणारा. वर्षभर त्या पट्ट्याशी भांडले. २०२१ च्या एप्रिलमध्ये लिक्सलिप गावाच्या पलीकडे भाड्याच्या शेतात त्याच पट्ट्याने मका पेरला.

अंतराचा खरा निकाल रोपं वर आल्यावर लागतो. आणि कोंब दिसला की कावळा हजर. तो कोंब उपटतो, खालचा दाणा खातो आणि चालू लागतो. मग ती मोकळी जागा यंत्राने सोडली की कावळ्याने केली, हे कुणी सांगावं? म्हणून शेतात गॅसवर चालणारी तोफ लावली होती. थोड्या थोड्या वेळाने तिचा धाडकन बार उडायचा आणि कावळे पलीकडच्या झाडांवर जाऊन शिव्या घालत बसायचे. मोजणीला यंत्र विकत घेणारे पाहुणे येणार होते. "तू फक्त बर्ड्स सांभाळ," साहेबांनी बजावलं होतं.

मका उगवायच्या आतच तिकडे नागपूरला बाबा कोरोनाने गेले.

आई माझ्याकडेच होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून २०२० च्या सुरुवातीला आली आणि अडकली. पुढे विमानं सुरू झाली तेव्हा बाबाच फोनवर म्हणायचे, "मी मजेत हाय. तू तिथंच राह्य." शेवटच्या आठवड्यातही, धाप लागलेली असताना, ते हेच म्हणाले. मी एकुलती एक. त्यांना महापालिकेच्या माणसांनी अग्नी दिला. लोक फोनवर अंत्यसंस्कार पाहत होते म्हणे. आम्हाला तेही मिळालं नाही, कारण फोन धरायला तिथे आपलं कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी आईने भात शिजवला आणि पिंड वळला. "कावळा शिवल्याबिगर मी अन्नाले हात नाई लावनार," ती म्हणाली. "थे माह्यावर रागावून गेले. त्याईनं राह्य म्हटलं म्हनून राह्याचं असते काय?"

माझं डोकं फिरलं. अख्ख्या जन्माच्या संसाराचा निकाल कावळ्याने द्यायचा? पण हे कुणाला सांगणार? दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. आमच्या अंगणात सीगल यायचे, मॅगपाय यायचे. कावळे कुठे असतात, हे मात्र माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिला गाडीत घातलं.

शेताच्या कडेला कागदी ताटलीत पिंड ठेवला. बार उडाला. आई दचकली, कावळे झाडांवर. पुन्हा बार, पुन्हा कावळे झाडांवर. पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. मी गेले आणि तोफेचा गॅस बंद केला.

शांतता झाल्यावर ते उतरले. इथले कावळे मोठे, चोच पांढरट. "याईले आपलं समजन काय?" आई पुटपुटली. मी हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आई म्हणाली, "चुकलं माह्यं. याले पाह्यजे होतं मी." तरीही नाही.

ते माझ्या ओळीत शिरले. पहिल्याने एक कोंब उपटला, दोन पावलं पुढे गेला, वाकला, दुसरा उपटला. पुन्हा दोन पावलं. त्याला शोधावंही लागत नव्हतं. वर्षभर खपून मी जे अंतर नेमकं केलं होतं, ते त्या मेल्याला एका ओळीत पाठ झालं. मी तोंड दाबून उभी राहिले. पिंड तसाच.

एकाएकी आई उठली. पदर खोचून, टाळ्या पिटत, चिखलातून धावत सुटली. "हाड! हाड मेल्या!" ज्यांच्यासाठी सकाळपासून उपाशी होती, त्यांनाच ती हाकलत होती. "पाह्यतं काय, लाव ना थे तोफ! पोरीचं नुकसान करून कोन्ता बाप जेवन?"

मी तोफ लावली. आकाश रिकामं झालं. आईने घरी येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी शेतात पोचले. रात्रीच्या पावसाने पिंड फुटून ताटलीत पसरला होता. चोचीची खूण कुठेच नव्हती. मी ताटली उचलून गाडीत लपवली. मग मोजणी झाली. उपटलेली ओळ सोडून दिली. बाकीच्या ओळींवर पाहुणे बेहद्द खूश झाले. मला काहीच वाटलं नाही.

घरी पोचले तर आई दारातच उभी. "शिवला?"

"शिवला."

"कवा?"

"सकाळी. माझ्यासमोर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली, ताट वाढून घेतलं, वरणभात कालवला.

"खोटं बोलाले तू बापावर गेली," ती म्हणाली. "थे बी म्हनत, मी मजेत हाय." आणि तिने घास उचलला.