ढोरांना अहो म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या डोंगरकड्याकडच्या गावात एक डॉक्टरबाई होत्या. ढोरांना अहो म्हणायच्या आणि माणसांना अरे. “गाईबाई, जरा सरका हो,” म्हणत सुई टोचायच्या आणि लगेच सरपंचावर ओरडायच्या, “तू काय बघून राहिलास? शेपटी धर!” सरपंच मुकाट्यानं धरायचा.

मी सातवीतून शाळा सोडलेली. केळी पिकवायच्या खोलीत कॅरेट उचलायला जायची. केळी झटपट पिकावी म्हणून शेठ त्यात कार्बाइडच्या, गॅस सोडणाऱ्या पुड्या ठेवायचा. बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. खोली उघडली की तो आधी एक कोंबडी आत सोडायचा. थोड्या वेळानं ती चालत बाहेर आली की म्हणायचा, “जित्ती हाय ना? चला, घुसा.” आम्हालाही ते बराबर वाटायचं.

पण त्या कोंबड्या नंतर एक-दोन दिवसांत मरायला लागल्या. शेठला वाटलं कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. लस टोचायला त्यानं डॉक्टरबाईंना बोलावलं. बाईंनी मेलेली कोंबडी पोत्यावर ठेवली, “माफ करा हं,” म्हणाल्या आणि चिरली. गुलाबी असायची ती फुप्फुसं काळी-लाल झालेली. दाबली तर फेसाळ पाणी आलं.

“ह्या कुठं जात होत्या?”

“त्या खोलीत,” मीच बोलले. “आमच्या आधी.”

बाई शेठवर अशा उसळल्या! “जिती निघाली म्हणून हवा चांगली? अरे, असा गॅस ओढल्यावर फुप्फुस दुसऱ्या दिवशीही पाण्यानं भरतं! कोंबडीसाठी मला फोन केलास. ह्या बायांसाठी कोणाला केलास?”

“बाया धडधाकट हायत, बाई,” शेठ हसला.

मी तेव्हाच खोकले. बाईंनी ढोरांचीच नळी माझ्या छातीला लावली आणि मला स्कूटीवर बसवून थेट कळमनुरीला, माणसांच्या दवाखान्यात नेलं. मला भरती करून घेतलं. माझ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, “ही परत त्या खोलीत दिसली, तर बैलाची सुई तुला टोचीन.” आज इथं सुरतेत पोळ्या लाटताना मी धड श्वास घेते, तो त्यांच्यामुळं.

बाईंनी तक्रार केली आणि खोलीला कुलूप लागलं. मग शेठ वर कुठंतरी भेटून आला. कुलूप निघालं आणि बदली झाली डॉक्टरबाईंची! काहून? विष भरणारा गावात राहिला आणि आम्हाला वाचवणारीला गाव सोडावं लागलं. अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

निरोपाला आम्ही बाया गेलो, तर सगळ्याच रडून राहिलो. बाई खेकसल्या, “रडता काहून? आज त्या खोलीत कोण गेलंय, ते सांगा आधी.”

सकाळी माझी धाकटी जाऊ गेली होती.

तिला मी इथून रोज फोन लावते. घरची, लेकरांची खुशाली विचारते. पण ती काय सांगते तिकडं ध्यानच नसतं. ती मध्ये खोकते का, तेवढंच ऐकत बसते.