गयाबाईच्या भावाचा जबाब

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि मी तिच्यापासून काही लपवू शकतो यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर माझं धाडस झालं नसतं.

मी कळंबचा. अठरा वर्षं विमा कंपनीसाठी तपासाचं काम केलं. अपघात झाला, कुणी भरपाई मागितली, की कंपनी माझ्याकडे फाईल पाठवायची आणि मी गावात जाऊन बघायचो — अपघात खरा की रचलेला. खोटे दावे असतात, हे आधीच सांगून टाकतो. उसाच्या ट्रॉलीवरून स्वतःच पडलेल्या माणसाला जीपनं उडवलं म्हणून उभं केलेलं मी बघितलंय. एकाच मोटारसायकलनं तीन गावांत तीन माणसं पाडलेली बघितलीत, अर्थात कागदावर. असलं काही पकडलं की मला मनापासून बरं वाटायचं. लबाडी मला खपत नसे. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण तेव्हा ते खरं होतं. की नव्हतंच?

बघा, मी विषयाला वळसा घालतोय. गयाबाईचं सांगतो.

गयाबाई भूम तालुक्यातली. तिची खव्याची भट्टी होती. म्हणजे नाव नवऱ्याचं, पण कढईपाशी उभी राहायची ती. खवा करणं म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्याला ठाऊक — दूध आटेपर्यंत हात थांबवता येत नाही, थांबला की खाली लागलंच. तो हात गयाबाईचा उजवा हात होता. अपघातात तोच गेला. तोडावा लागला नाही. पण मनगटापासून बोटांपर्यंत जीव राहिला नाही. साधा पेला धरता येईना.

अपघात झाला तो तिच्याच दारात. दुधाची गाडी मागं घेताना तिचा हात भिंत आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. आणि गाडी कोण चालवत होतं? तिच्या भावाचा होणारा जावई. भावाचं नाव अंकुश. त्याच्या मुलीची सुपारी फुटली होती, लग्न महिन्यावर आलं होतं, आणि तो स्वतः त्या दिवशी त्याच गाडीतून बहिणीकडे आला होता. त्यानंच तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? अंकुश तोंड उघडणार, तेवढ्यात गयाबाई म्हणाली — घरी पडले.

पोलीस केस झाली असती तर नवरदेव ठाण्यात गेला असता. मग कसलं लग्न? सोयरिकीत एकदा पोलीस शिरले की दोन्ही घरांची तोंडं फिरतात. त्या बाईनं हे सगळं हात लोंबत असताना, एका क्षणात जाणलं. दवाखान्याच्या कागदावर तेच लिहिलं गेलं, ‘घरी पडून’. भाचीचं लग्न झालं. आत्यानं डाव्या हातानं अक्षता टाकल्या.

दोन वर्षांनी, हात काही सुधारत नाही हे कळल्यावर, अंकुशच पुढं झाला. गाडीला विमा आहे, भरपाई कंपनी देईल, जावयाच्या खिशाला काही लागणार नाही, असं कुणीतरी त्याला समजावलं होतं. मग उशिरानं पोलिसांत नोंद, मग धाराशिवच्या कोर्टात दावा. त्या वेळी दाव्याला मुदत नव्हती. आणि फाईल आली माझ्याकडे.

दवाखान्याचा कागद बघूनच मी ओळखलं — बनाव. तसाच मूड घेऊन मी अंकुशकडे गेलो. तो गोठ्यात होता. हात धुऊन आला, वहीचं पान फाडलं आणि स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून दिलं. कुणाची गाडी, कोण चालवत होतं, बहीण खोटं का बोलली, सगळं. तारीख, सही. लिहिताना दोनदा डोळे पुसले. जाताना मला म्हणाला, “माझ्या पोरीवर अक्षता पडाव्या म्हून तिनं सोताच्या हाताचं खरं दाबलं, साहेब. खरं हाय ते लिवा.”

मी पान बॅगेत ठेवलं. लिहितो म्हणालो. आणि लिहिणारही होतो — हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, स्वतःलाही नाही.

रिपोर्ट द्यायच्या आधी सोलापूरला बैठक निघाली. सरकार कायदा बदलणार होतं. दाव्यांना मुदत घालायची, विमा कंपनीनं किती द्यायचं त्याला वरची मर्यादा घालायची, म्हणजे विमा स्वस्त होईल, हप्ते उतरतील — असं सगळं चाललं होतं. वरून सूचना मागवल्या होत्या आणि आमच्या साहेबांना उदाहरणं हवी होती, खाली गावात काय काय चालतं त्याची. एकेक जण उठून सांगत होता. माझी पाळी आली. माझ्याकडे जुनी, पक्की, पकडलेली प्रकरणं होती की नव्हती? डझनभर होती. पण मला ताजं काहीतरी सांगायचं होतं, लोकांना हसवणारं. मी म्हणालो, आमच्याकडे भूमची एक बाई आहे — घरात पडली, दोन वर्षं गप्प राहिली, आणि एके दिवशी तिला आठवलं की आपल्या अंगावर गाडी आली होती!

हशा पिकला. साहेब डोळे पुसत हसले. “हे लिहून द्या,” म्हणाले. “असंच्या असं लिहून द्या.”

अंकुशचं पान त्या वेळी माझ्या पायाशी, बॅगेत होतं.

मी लिहून दिलं. पुढं बैठकांत ‘ती भूमची बाई’ असा नुसता उल्लेख झाला तरी लोक हसायचे. मला लोक ओळखू लागले, फायली जास्त येऊ लागल्या. आता मला सांगा, रिपोर्टात मी दुसरं काय लिहिणार होतो? ज्या बाईला भरसभेत खोटी ठरवली, तिला पंधरा दिवसांनी खरी म्हणू? म्हणता आलं असतं. एक तोंड काळं झालं असतं, ते माझं. मी लिहिलं — दवाखान्यातील नोंद स्पष्ट आहे, विलंबाला कारण नाही, नातेवाइकांचा संगनमतानं केलेला बनाव दिसतो. अंकुशचं पान मी जोडलं नाही. ते मिळालं होतं याची ओळसुद्धा कुठं ठेवली नाही.

माझ्या एका उदाहरणानं देशाचा कायदा बदलला, एवढा मोठा मी नाही. कायदा झाला. मर्यादेचा विचार मागं पडला, मुदत मात्र आली, सहा महिन्यांची. ती चांगली की वाईट यावर माणसं भांडतात, भांडू देत. पण कधी कधी वाटतं, ज्या घरात लग्न तोंडावर आहे, मयत झालीय, कुणाला वाचवायचंय — त्या घरात सहा महिने म्हणजे किती, हे त्या बैठकीत सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याच्या बॅगेत तसा कागद होता. तो विनोद सांगत होता.

कोर्टात वर्षं गेली. जावई नोटीस घेऊनही फिरकला नाही, त्याला लायसन्स जायची भीती. अंकुश साक्षीला येणार होता. पण त्याआधीच, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, तो गेला. मला कळलं तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? सुटलो असं वाटलं. यापेक्षा घाण वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही. आता त्याचं बोलणं फक्त त्या पानावर उरलं होतं आणि ते पान माझ्याकडे होतं. गयाबाईचा दावा फेटाळला गेला.

इथपर्यंतचं, खरं तर, मी कधी ना कधी कुणाला सांगितलं असतं. असली पापं नोकरीत होतात म्हणून माणसं सांगतातही. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

निकालानंतर काही दिवसांनी गयाबाई कळंबला माझ्या घरी आली. भरदुपारी, एकटी, एसटीनं. डाव्या हातात खव्याचा डबा. दुसऱ्याच्या भट्टीवरचा, विकत घेतलेला. विम्याच्या माणसाकडे, तिच्याविरुद्धच्या माणसाकडे ती का यावी? कारण भावानं तिला सांगितलं होतं, ते साहेब चांगले आहेत. वकील तिला वरच्या कोर्टात जाऊ म्हणत होता. वकिलावर तिचा भरवसा नव्हता. माझ्यावर होता.

तिनं विचारलं, “वर जाऊन काय व्हईल का, साहेब?”

मी म्हणालो, आता नाही. कायदा बदललाय. सहा महिन्यांच्या आत यायला हवं होतं. — तिचा अपघात जुना होता. तिला ती मुदत लागूच नव्हती. हे मला पाठ होतं. पण ती वर गेली असती तर कुणीतरी पुन्हा फाईल उघडली असती, मला बोलावलं असतं. मी सरळ कायद्याचं नाव घेतलं आणि तिनं मान हलवली. कायदा म्हटल्यावर ती काय बोलणार?

बायकोनं चहा ठेवला. गयाबाईनं कप डाव्या हातानं धरला, प्याली, खाली ठेवला. जाईल असं वाटलं. ती उठली नाही. खाली बघत म्हणाली,

“एकच इचारते. आमचा अंकुश म्हणला व्हता, म्या साहेबास्नी समदं लिहून दिलंय. कोरटात तसा कागूदच न्हाय म्हणले. वकील म्हणतो, तुझ्या भावानं जावयाला सांभाळलं, तुला थापा मारल्या. त्यानं दिलता का न्हाय, साहेब?”

पैशाचं नव्हतं आता काही. ते संपलं होतं. तिला फक्त मेलेल्या भावाचं विचारायचं होतं. ज्याच्या मुलीसाठी आपण खोटं बोललो, तो आपला होता की नव्हता, एवढंच. मी होय म्हणालो असतो तर काय झालं असतं? नोकरी? ती संपत आली होती. नाव? कळंबात माझं नाव ते किती.

मी म्हणालो, “नाही. त्यानं काही दिलं नाही.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग मेला ते बरं झालं.”

आणि उठून गेली. नंतर कळलं, अंकुशच्या वर्षश्राद्धाला ती गेली नाही. भाचीचं नाव तिच्या घरात काढलेलं चालत नाही. तिचा नवरा भट्टी मोडून दुसरीकडे कामाला जातो.

तो खवा आम्ही खाल्ला. बायको म्हणाली, चांगला आहे.

अंकुशचं पान माझ्याकडे आहे. अक्षर जरा फिकं झालंय, पण वाचता येतं. गयाबाई आहे, तिच्या गावीच आहे. कळंबहून भूमला एसटी जाते. मी गेलेलो नाही.