काळ्या जिभेच्या कमलाक्का

कमलाक्कांच्या दुकानात कुणी ड्रिल मशीन भाड्यानं मागायला आलं, की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत. "चप्पल दावा," म्हणत. गिऱ्हाईक गोंधळून पाय पुढे करी. चप्पल झिजलेली किंवा ओली दिसली, की आक्का मशीनवरचा हात काढून घेत. "रबरी घालून या. मशीन कुठं पळून जात न्हाय."

बारामतीत इंदापूर रस्त्याला त्यांच्या दुकानाला लागूनच माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. एमआयडीसीत नवनवे कारखाने उभे राहत होते, त्या काळातली ही गोष्ट. आजूबाजूच्या गावांतही पक्की घरं होत होती. कुणाला गेट बसवायचं असे, कुणाला पाण्याची टाकी. सगळ्यांनाच ड्रिल लागे आणि विकत घेण्याची ऐपत थोड्यांची असे. त्यामुळे आक्कांचं दुकान चालायला हवं होतं. ते चाले, पण लोक कुरकुरत येत.

कारण आक्का बोलत ते ऐकवत नसे. मशीन हातात देता देता त्या सांगत, "आवळायची चावी मशीनच्या तोंडातनं, चकातनं काढल्याबिगर बटण दाबू नका. ती सुटली की पयला तुमचा डोळा हुडकती." नव्या घराला पडद्यांचे रॉड लावायला निघालेल्या माणसानं हे ऐकायचं! लोक पाठीमागे त्यांना काळ्या जिभेची बाई म्हणत. आक्कांना ते ठाऊक होतं.

दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं, मारुतरावांचं. इंदापूरला एका घराचं रेलिंग बसवताना मारुतराव गेले. फरशी नुकतीच धुतलेली, मशीन जुनं, लोखंडी अंगाचं, आणि अर्थिंगची वायर कुणीतरी काढून टाकलेली. शॉक बसला तेव्हा हात मशीनपासून सुटला नाही. टेंपोतून त्यांना आणलं, तेव्हा आक्का त्यांच्या उजव्या तळहाताकडे बघत बसल्या होत्या. रडल्या नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी स्वतः शटर वर केलं आणि माझ्याकडून टेस्टर कसा लावायचा ते शिकून घेतलं.

मशीनच्या तोंडात बसवायच्या, भोक पाडणाऱ्या बिटांचं मात्र त्यांना कुणी शिकवलं नाही. परत आलेलं प्रत्येक बिट त्या दारात उजेडाला धरत. टोक तापून निळं पडलेलं असेल, तर लोखंडाला भोक पाडताना गड्यानं तेलाचा थेंबही दाखवलेला नाही. काँक्रीटच्या बिटाच्या टोकाचा कठीण तुकडा उडालेला असेल, तर आत सळई लागली आणि तरी तो दाबत राहिला. लाकडाचं बिट कुणी भिंतीला लावलं, तर त्याला पुढच्या वेळी त्या रिकाम्या हातानं परत पाठवत. एकदा मी म्हणालो, एवढं काय त्या बिटांचं, झिजायचीच ती. त्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"बोथट बिट माणसाला जोर लावाय लावतं, सुरेशराव. आन् जोर लावणाऱ्या माणसाचं ध्यान ऱ्हात न्हाय. पाय कुठं हाय, वायर कुठं हाय, काय बी ध्यानात ऱ्हात न्हाय."

त्यांचे दीर दत्तोबा घरच्यांच्या सांगण्यावरून दुकानात बसत. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक परत गेलं की त्याला मनापासून वाईट वाटे. वहिनींच्या डोक्यात भावाचं मरण बसलंय, असं तो मला सांगे, आणि मलाही ते पटे.

त्या हिवाळ्यात एक करडं मशीन सारखी कुरबुर करू लागलं. तेही लोखंडी अंगाचं. हात लावला की बोटांना मुंग्या येत. आक्कांनी त्याला लाल चिंधी बांधली, मागच्या खिळ्याला टांगलं आणि माझ्याकडे दुरुस्तीला द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या होत्या. दुपारी परतल्या तेव्हा काउंटरवर एक बिट पडलेलं होतं. मी तिथंच चहा पीत होतो. त्यांनी ते उचललं आणि दारात नेण्याआधीच थांबल्या.

बिटाच्या खाचांत कोरडी भुकटी नव्हती. राखाडी चिखल भरला होता, अजून ओला.

हे कुणाचं, त्यांनी विचारलं. दत्तोबांनी सांगितलं, पणदऱ्याच्या बापूरावांचं. गोठ्यातल्या पाण्याच्या हौदाला पाइप बसवतायत. बिट बोथट झालं म्हणून दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवलं होतं. त्याच्याच हाती नवं देऊन टाकलं. आक्कांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा होता. चिंधी खाली पडलेली होती.

"चालतंय की मशीन, वहिनी," दत्तोबा म्हणाले. "सकाळी लावून बघितलं मी."

बापूरावांकडे फोन होता, पण लागेना. आक्का माझ्या स्कूटरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी स्कूटर काढली. उसाच्या ट्रॉल्या पुढे आल्या की त्या माझा खांदा घट्ट धरत. मी मनात म्हणत होतो, काही झालेलं नसणार. पणदऱ्याच्या अलीकडे एका पिठाच्या गिरणीसमोर बायका डबे घेऊन नुसत्याच बसलेल्या दिसल्या. गिरणी बंद होती. लाईट गेली होती. आक्का गाडी पळवा म्हणाल्या.

बापूराव गोठ्यात हौदाच्या कडेला बसले होते. अनवाणी. हौद गळत होता आणि पायाखाली चिखल झाला होता. करडं मशीन त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं, बिट भोकात टेकवलेलं. लाईट आली की लगेच कळावं, म्हणून बटण दाबून खटक्यानं अडकवून ठेवलं होतं. मशीनला पिन नव्हती. वायरीची उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या खुपसून बसवलेली होती.

आक्का त्यांच्याकडे गेल्याच नाहीत. सरळ बोर्डाकडे गेल्या. बटण बंद केलं, कोपऱ्यातला कोरडा खराटा उचलला आणि त्याच्या दांड्यानं वायर ओढून बाहेर पाडली. मग येऊन मशीन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"हे काय वो, आक्का? काम राह्यलंय माजं," बापूराव म्हणाले.

आक्का उत्तर देणार, तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब लागला. शेजारच्या घरात रेडिओ सुरू झाला.

आक्का तिथंच चिखलात बसल्या. मशीन पोटाशी धरून रडू लागल्या, इतक्या मोठ्यानं की गाई दावणीला ओढ देऊ लागल्या. मध्येच कधीतरी त्या म्हणाल्या, "ह्यांच्या वेळंला लाईट गेली न्हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी दत्तोबांना दुकानात यायचं बंद करायला सांगितलं. आवाज चढवला नाही. दत्तोबा गेले, आणि त्यांच्यामागे सासरचं सगळं घर गेलं. पुढे आक्कांच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका माझ्या दुकानात आली, शेजारच्या दुकानात आली नाही. आक्का एकट्याच दुकान चालवत राहिल्या आणि तशाच, काउंटरमागच्या खुर्चीत, एका सकाळी गेल्या.

बापूराव मातीला आले होते. खणखणीत तब्येत. माझ्याजवळ येऊन हळहळले. बाई सरळ होती, म्हणाले, पण डोकं जरा फिरलेलं. "माज्या हौदाचं भोक अर्धंच ठेवून मशीन हिसकून न्हेलं बघा. तुमी व्हता की तितं."

होतो, मी म्हणालो.