मागच्या रांगेत डावीकडून तिसरा

तर टेलर मास्तर काही त्या खिडकीपुढून हलेनात, इथवर काल आपली गोष्ट आली होती. मागे माणसं ताटकळलेली, सूनबाई हळूच बाही ओढतेय, आणि मास्तरांचं एकच टुमणं, की बाई, तुम्ही भलत्याच माणसाचा कागद काढलात.

ते होतं जुन्या लष्करी नोंदींचं कार्यालय, आणि कागद होता मास्तरांच्या वडिलांचा. आता हे मास्तर म्हणजे कोण, तर सत्तरी उलटलेला माणूस. पन्नास वर्षं कपाटाएवढ्या दुकानात बसून पुरुषांचे कोट शिवले, दुसरं काही केलं नाही. वडील सैन्यात गेले तेव्हा हे आईच्या पोटात. वडील परतले नाहीत. हे दोन वर्षांचे असताना आईही गेली. वाढवलं मामानं. मामानं मेव्हण्याला पाहिलं होतं ते लग्नाच्या गर्दीत, अर्धा दिवस. वडील कसे होते असं विचारलं की तो म्हणायचा, मिशी ठेवली की सगळे नवरदेव सारखेच दिसतात, मी काय सांगू.

म्हणजे वडील म्हणून मास्तरांच्या वाट्याला आलं काय, तर एक पत्र आणि एक फोटो. पत्र आधी आलं होतं. त्यात लिहिलं होतं, आम्हा सगळ्यांचा फोटो काढलाय, फोटोवाला प्रत परस्पर पाठवील. मागच्या रांगेत, बघणाऱ्याच्या डावीकडून तिसरा मी. पंधरवड्यानं फोटो आला. त्यानंतर काही आलं नाही.

डावीकडून तिसरा गडी मोठा ऐटबाज. उंचापुरा, खांदे दाराच्या चौकटीएवढे. मास्तरांनी पहिल्या कमाईतून त्याचा चेहरा मोठा करून घेतला, नुसता गळ्यापर्यंत, आणि मशीनच्या वर लावला. मूळ फोटो अस्तराच्या कापडात गुंडाळून पेटीत गेला तो गेला. येईल त्याला मास्तर सांगायचे, आमचे वडील, सहा फुटी. आणि स्वतः मास्तर कसे, तर बेताच्या टेबलावर खडूची रेघ मारायला पायाखाली पाट घ्यावा लागायचा. एक जुनं गिऱ्हाईक तर दरवेळी विचारायचं, "मास्तर, वडिलांनी सगळं कापड स्वतःलाच वापरलं का हो? तुमच्यासाठी काही उरलंच नाही." मास्तर हसायचे आणि म्हणायचे, मी आईच्या वळणावर गेलो.

पण वय झालं तशी मनाला रुखरुख लागली. चेहरा माहीत, माणूस माहीत नाही. डोळे मिटायच्या आत बापाची नीट ओळख व्हावी, एवढंच त्यांचं मागणं. सून मोठी खटपटी. तिनं अर्ज केले, पत्रं धाडली, चार महिने पिच्छा पुरवला, आणि सासऱ्यांना घेऊन त्या खिडकीशी उभी राहिली.

खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला. नाव बरोबर, गाव बरोबर, बायकोचं नाव बरोबर. डाव्या भुवईतून आरपार गेलेला जुना व्रण. उंची पाच फूट अडीच इंच.

इथं मास्तर अडले. पन्नास वर्षं मापं घेतोय, म्हणाले, माणूस दारातून आत आला की उंची कळते मला. माझा बाप सहा फुटाला सूतभर कमी असेल, पाच अडीच कसा होईल? आणि त्याच्या भुवईवर तर ओरखडाही नाही.

बाईंचा आवाज काही चढला नाही. "मास्तर, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण हे लिहिणाऱ्यानं पट्टी लावून लिहिलंय."

दुसरी कुणी असती तर पुढचा नंबर पुकारून मोकळी झाली असती. ह्या बाईंनी मास्तरांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि रांग संपल्यावर म्हणाल्या, आता तो फोटो दाखवा.

सूनबाईनं पेटीतून काढून आणलेल्या फोटोचं अस्तर सुटलं. मागच्या रांगेत आठ जण. बाई भिंग घेऊन चेहरे बघायला लागल्या. मास्तर चेहरे कशाला बघतील, वडिलांचा चेहरा तर त्यांना पाठ होता. त्यांची नजर हाडाच्या शिंप्याची, ती गेली कोटांवर. आणि झाले सुरू. हा खांदा उतरलाय, ही कॉलर बसली नाही, कुणी शिवलेत हे, हात मोडले होते का त्याचे. बोलता बोलता त्यांनी बाईंच्या हातातलं भिंगच ओढून घेतलं.

सूनबाई घाबरलीच. मामंजी, काय होतंय, तिनं विचारलं.

मास्तर म्हणाले, "ह्यांची बटणं बायकांसारखी आहेत."

पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, हे मास्तरांनी आयुष्यभर बोटांनी केलेलं काम. फोटोत आठच्या आठ कोटांची उजवी बाजू डावीवर. एखादा शिंपी चुकेल, पण अख्खी पलटण उलटी बटणं लावून उभी राहील कशी? मास्तरांनी फोटो टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं, की कोट नाही चुकले, फोटोवाल्यानं निगेटिव्हची काच पालथी ठेवून छापलंय.

सूनबाईनं पर्समधला आरसा काढून फोटोसमोर धरला. आरशात सगळे कोट सरळ झाले. मग तिघांनी मिळून डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन.

तिसरा होता एक बुटका माणूस. दोन दांडग्यांच्या मधे टाचा उंचावून उभा राहिल्यासारखा, हसू दाबल्यासारखा. भुवईतून व्रण गेलेला. आणि चेहरा बघायला सूनबाईला भिंग लागलंच नाही; तिनं एकदा आरशात पाहिलं, एकदा शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

मास्तरांनी आरसा हातात घेऊन त्या बुटक्याला नीट पाहून घेतलं. मग आधी त्या उंच गड्याचीच चौकशी केली. म्हणाले, बाई, ह्या भल्या माणसानं काही नातं नसताना पन्नास वर्षं माझ्या डोक्यावर नजर ठेवली. त्याच्या छायेत मी दुकान चालवलं, संसार केला, पोरं मोठी केली. तो कोण होता तेही शोधा. त्याच्या घरी फोटो नसेल कदाचित, माझ्याकडचा त्यांना नेऊन देतो. बाईंनी तसं लिहून घेतलं.

उपकार फेडायची मास्तरांची रीत एकच. त्यांच्या अंगातल्या कोटाच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई कायम असायची. बाईंचा धुळीत काम करायचा डगला खुंटीला होता, त्याचा खिसा लोंबत होता. बाई नको नको म्हणेपर्यंत डगला मांडीवर आणि टाके सुरू. बाई म्हणाल्या, अहो, हे तर माझं कामच आहे, त्यात उपकार कसले. मास्तर म्हणाले, खिसा लावणं हेही माझं कामच आहे.

मग बाईंनी जरा भीत भीत विचारलं, की इतकी वर्षं सहा फुटी बाप मिरवलात, आता हे असे निघाले, वाईट नाही ना वाटलं?

मास्तरांनी दोरा दातानं तोडला, फोटो जवळ ओढला आणि म्हणाले:

"वाईट कसलं, बाई? तुमच्यामुळं आज पहिल्यांदा भेटले. फक्त कोट फार ढगळ दिलाय त्यांना, बाह्या बघा, बोटांवर आल्यात. समोर असते तर म्हटलं असतं, बाबा, हात जरा खाली सोडून उभे राहा, दोन बोटं वर घेतो."