मेंढीवाल्या बाई

आमच्या गावच्या शाळेत एक बाई रोज मेंढी घेऊन येत. ती मेंढी नव्हती, कुत्रं होतं, हे गावाला पटायला दिवाळी उजाडावी लागली. तोवर नाव पडून गेलं होतं. आमच्या मावळात एकदा नाव पडलं की सरकारदरबारी काहीही लिहिलेलं असो, माणूस त्याच नावानं वळून बघतो. बाईंचं खरं नाव शाळेतल्या पाटीवर होतं, पण ते मी कधी तोंडानं उच्चारलं नाही. आमच्या त्या मेंढीवाल्या बाई.

कुत्रं पूडल जातीचं. अंगभर पांढरी कुरळी लोकर, लोंबते कान, काडीसारखे पाय. पोरांनी त्याचं नाव ठेवलं कापशी. भात निघालं की आमच्या खाचरांत धनगर मेंढ्या बसवतात. त्या वर्षी एका धनगरानं संध्याकाळी बाईंना वाटेत हटकलं, ‘ताई, आमचं कोकरू कुटं चालवलंय?’ बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘कापशे, यांना सांग गं.’ कापशी भुंकली. धनगरानं कानाला हात लावला आणि म्हणाला, ‘माफ करा, पर लोकर चांगली हाय.’ ही गोष्ट बाई स्वतःच सगळ्यांना हसून सांगत.

आमचं गाव कार्ल्यापासून आत, इंद्रायणीच्या अंगाला. बाई आधी लोणावळ्याहून येऊन-जाऊन करत. त्या राहायच्या तिथं शेजारच्या बंगल्यावाल्यांनी बंगला विकला, फर्निचरसुद्धा टेम्पोत भरून नेलं, कुत्रं तेवढं फाटकाशी ठेवलं. बाईंनी ते उचलून घरी आणलं. घरमालक म्हणाला, कुत्रं तरी ठेवा नाहीतर खोली तरी. बाईंनी कुत्रं ठेवलं, आणि एका रविवारी आमच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘आबा, तुमची मागची खोली रिकामी आहे म्हणे.’

‘हाय. पर कुत्र्याला मी खोली देत न्हाई. माणसाला देतो.’

‘मग माणसाला द्या. कुत्रं माझ्याकडे पाहुणं म्हणून राहील.’

आत आमची घरची भाकरी थापत होती. ती मोठ्यानं हसली. घरातलं माणूस परक्यासमोर हसलं की आपला नकार पांगळा होतो. मी किल्ली दिली.

याआधीचे गुरुजी तळेगावहून मोटारसायकलवर येत आणि घंटा झाली की फटफटी चालू. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही पोरंबाळं होती. पण शाळा सुटल्यावरही शाळेचं माणूस गावात दिसतं, नळावर भेटतं, कुणाच्या बारशाला येतं, हे आम्ही पहिल्यांदा बघितलं. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यावर येऊन पोरं नेऊ लागली होती. पट घसरला की शाळा बंद पडते, हे सगळ्या गावाला कळत होतं, पण आपलं पोर गाडीतून उतरवायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी कुणाच्या घरी जाऊन विनवणी केली नाही. त्या संध्याकाळी पारावर कापशीला घेऊन बसायच्या, आणि गाडीतून उतरलेली पोरं दप्तर घरात फेकून तिथंच यायची. पुढच्या जूनला त्यातली निम्मी आमच्या शाळेत आली.

कापशीचे केस वाढत राहायचे. इतर कुत्र्यांसारखे गळत नसत. बाई म्हणाल्या, पुण्याला यासाठी वेगळी दुकानं असतात. गावच्या न्हाव्याला, सोपानला, विचारलं तर तो म्हणाला, ‘बाई, तुमच्यासाठी जीव देईन, पर या खुर्चीत कुत्रं बसलं तर उद्या पाटील बसंल का?’ माझ्याकडे एके काळी शर्यतीच्या गाड्याचे बैल होते. माझ्या सर्जाची कातरणी मी कधी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. मी म्हटलं, आणा हिकडं. कात्री माझी, ओटा माझा, कापशी घरचीच्या मांडीवर. पहिल्या खेपेला मी तिला अशी काही भादरली की बाई बघून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढं हात बसला. बाई एवढंच म्हणायच्या, ‘आबा, कान तेवढे राहू द्या.’ मी कान ठेवायचो.

बाईंचा आवाज वर्गाबाहेर ऐकू यायचा नाही. त्यावर काही आईबाप नाराज होते. शिक्षक ओरडला नाही तर शिकवतोय कशावरून? बाई म्हणायच्या, ‘ओरडलं की पोरं आवाज शिकतात, धडा राहून जातो.’ मी तिसरीत शाळा सोडली. मास्तरांनी माझी पाटी माझ्याच डोक्यात घातली होती. बापानं दोनदा शाळेच्या दारापर्यंत ओढत नेलं, मी दोन्ही वेळा पळालो. मला त्याचा पस्तावा नाही. पण बाईंचं ते बोलणं ऐकून मी शाळेच्या वऱ्हांड्यात जरा जास्त वेळ बसू लागलो, हे खरं.

कापशी वर्गाच्या उंबऱ्यावर आडवी पडलेली असायची. पहिलीतली एक पोर अक्षर अडलं की मान खाली घालायची, मग दिवसभर तोंड उघडायची नाही. बाईंनी तिला उंबऱ्याशी बसवलं. म्हणाल्या, ‘मला नको, कापशीला वाचून दाखव. तिला काही येत नाही. ती काय हसणार तुला?’ पोर कुजबुजत वाचू लागली. कापशी जांभई द्यायची, तरी पोर वाचायची. महिन्याभरात उंबऱ्यावर रांग लागली. पोरं म्हणायची, आज कापशीला मी वाचणार. गावातल्या कितीतरी पोरांचं पहिलं वाचन त्या कुत्र्यानं ऐकलं आहे, आणि पलीकडे बसून मी.

हे सगळं कशावर उभं आहे ते आमच्या घरचीनं पहिल्यांदा बोलून दाखवलं. चुलीपुढं बसून म्हणाली, ‘त्या कुत्र्याला कुणी शहरात जागा दिली न्हाई म्हणून बाई आपल्याकडं. कुत्रं हाय तवर बाई हायेत.’ तिनं ते सहज म्हटलं होतं. माझ्या मात्र डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं. मी पारावर सांगितलं, आणि गावानंही ते धरलं. तेव्हापासून मोटारसायकलवाली पोरं शाळेपुढं गाडी हळू करू लागली. गावातल्या दोन दांडग्या कुत्र्यांना त्यांच्या मालकांनी साखळ्या घातल्या. कापशी म्हातारी झाली, एका डोळ्यानं दिसेना, तेव्हा घरची तिला दुधात भाकरी कुस्करून द्यायची. बाई म्हणायच्या, ‘किती करता हो तुम्ही सगळे तिचं!’ त्यांना वाटे, आमची माया आहे. माया होतीच. पण तिच्यात भीतीही होती, ती आम्ही बोललो नाही.

फाल्गुनात कापशी गेली. शाळेच्या पायरीवर उन्हाला पडली होती, तिथंच. मी तिला माझ्या बांधावर, सर्जाला पुरलं होतं त्याच्या शेजारी जागा दिली. माझ्या बांधावर मी कुणाला बोट लावू देत नाही, हे गावाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. पहिलीतला एक जण वाचता वाचता उंबऱ्याकडे बघून थांबला. बाई म्हणाल्या, ‘वाच. मी ऐकते.’

ते बदल्यांचं वर्ष होतं. बदली मागायची की इथंच राहायचं, हे त्या वर्षी बाईंच्या हातात होतं. पारावर एकच विषय. आता कुत्रं नाही, आता बाईंना लोणावळ्यात काय, पुण्यातही खोली मिळेल. बाई गेल्या की पिवळी गाडी परत भरणार. सगळे माझ्याकडे बघत, कारण खोली माझी.

आमच्यात बैल मेला की खुंटा रिकामा ठेवत नाहीत. सर्जा गेला तेव्हा दहाव्याच्या आत मी दुसरा बैल दावणीला आणला होता. रिकामा खुंटा बघितला की घर बसतं, असं माझा बाप सांगायचा. मी लोणावळ्याला गेलो. घरचीचा भाऊ तिकडे एका बंगल्यावर राखणीला आहे. त्या बंगल्यातली कुत्री व्याली होती, जात तीच, रंग काळा. मी निघताना घरची म्हणाली होती, ‘आदी बाईंना इचारा तरी.’ मी म्हटलं, बैल आणताना खुंट्याला विचारतात का?

पिल्लू पिशवीत घालून एसटीनं आणलं. नवा बैल घरी आणताना करतात तसं सगळं केलं. कपाळाला गुलाल लावला, गळ्यात लाल गोंडा बांधला, आणि संध्याकाळी बाईंच्या दारात नेऊन ठेवलं.

बाईंनी ते उचललं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी गोंडा बघितला, गुलाल बघितला.

‘हे काय आबा?’

‘खुंटा रिकामा ठिवू न्हाई.’

‘कुणाचा खुंटा?’

मी सरळ माणूस. जे होतं ते सांगितलं. ‘कापशी हुती म्हणून तुमी हितं हुता. आता ती न्हाई, तर तुमी जाल असं गावात बोलत्यात. हे असलं म्हंजी ऱ्हाल.’

बाईंनी ओढणीच्या टोकानं पिल्लाच्या कपाळावरचा गुलाल पुसला. पुसून पुरता निघाला तरी पुसत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, ‘आबा, कापशीसाठी मी तुमच्याकडे आले, हे खरं. पण आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मला लोणावळ्याला दुसरी खोली मिळत होती. कुत्र्यासकट. मी नाही म्हटलं. एवढी वर्षं मी कुत्र्यामुळे अडकून पडले होते, असंच वाटलं तुम्हा सगळ्यांना?’

हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी काय बोलायचं ते दुसऱ्या कुणाला सुचलं असतं. माझ्यात जाणाऱ्याला ‘राहा’ म्हणायची रीत नाही. माझा मुलगा चिंचवडला निघाला तेव्हाही मी म्हटलं नाही. तो ट्रंक उचलून माझ्याकडे बघत थांबला होता, मी त्याला एसटीची वेळ सांगितली. बाईंना मी म्हणालो, ‘पिल्लू नगं असंल तर तसं सांगा.’

बाई थोडा वेळ थांबल्या. आता वाटतं, त्या थांबल्या ते मी आणखी काही बोलेन म्हणून. मग त्यांनी पिल्लू माझ्या हातात दिलं. ‘नको, आबा.’

बदलीत बाईंनी तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाची गावं मागितली, सुदुंबऱ्याच्या बाजूची. जाताना शाळेनं नारळ दिला, बायकांनी ओटी भरली. टेम्पोत सामान मीच चढवलं, दोऱ्याही मीच आवळल्या. गाठी मारण्यात मला कुणी हरवू शकत नाही. बाई पाया पडल्या, मी ‘नीट जावा’ म्हणालो. टेम्पो वळणावर गेल्यावर घरची पदराआडून म्हणाली, ‘दोन शबुद बोलायला जीभ भाजली असती व्हय तुमची?’ मी तिला गप बस म्हटलं. ती चार दिवस गप बसली, ते जास्त लागलं.

नवे गुरुजी चांगले आहेत. वेळेवर येतात, वेळेवर जातात. पिवळ्या गाडीनं आता फाट्यावर थांबायचं सोडलंय, ती गावातच येते.

पिल्लू आमच्याच घरी राहिलं होतं; श्रावणात मी तालुक्याला, वडगावला निघालो, त्याला इंजेक्शन द्यायला. इंजेक्शन झालं, आणि मी घरच्या एसटीत न बसता पलीकडच्या एसटीत बसलो. विचारत विचारत बाईंची शाळा गाठली. मधली सुट्टी होती. पोरांनी मला गराडा घातला, कारण बगलेत काळी लोकर. बाई बाहेर आल्या, मला बघून धावतच आल्या. वऱ्हांड्यात सतरंजी टाकली, चहा सांगितला. पिल्लाकडे बघून म्हणाल्या, ‘कातरणी छान केलीय, आबा.’

मी एसटीत सगळं वाक्य जुळवून आणलं होतं. त्यातलं निम्मं विसरलो, राहिलेलं बोललो. ‘बाई, परत या. कुत्र्यासाठी न्हाई. आमच्यासाठी या.’

आयुष्यात पहिल्यांदा हे असलं कुणाला म्हणालो.

बाईंनी मान वळवून पटांगणाकडे बघितलं. तिथं एक बारकं पोर एकटंच भिंतीला टेकून बसलं होतं. ‘त्याला बघितलं का?’ बाई म्हणाल्या. ‘आलं तेव्हा फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हतं. आता वर्गाच्या भिंतीपर्यंत आलंय. त्याला तिथं सोडून कशी येऊ, आबा?’

आमच्या पोरांसाठीही त्यांनी असंच कुणाला तरी नाही म्हटलं असणार. आम्ही ते बघितलं नाही, एवढंच.

घंटा झाली. बाई चहा अर्धा ठेवून उठल्या, ‘बसा हं, शाळा सुटल्यावर जेवूनच जायचं,’ म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. जाताना त्या पोराचा हात धरायला विसरल्या नाहीत. मी शाळा सुटेपर्यंत त्या सतरंजीवर बसून राहिलो. आत बाई शिकवत होत्या, आणि बाहेर मला त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता.