बस्त्याव जत्रेला आला

गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि दोडामार्गापलीकडची सरहद्द नुकतीच बंद झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या ग्रामदेवीसमोर, सातेरीसमोर, हात जोडताना माझं मन तिथे नसायचं. नवरात्र संपताच मी तिला कौल लावला होता, उजवीकडचं, होकाराचं फूल लगेच पडलं होतं, गुरवाने हसून प्रसाद दिला होता. आणि तरीही महिनाभरात काहीच घडलं नव्हतं. देवीच्या रूपात पुजलेल्या ज्या वारुळाला आपण आई म्हणतो ते मातीचंच तर नाही ना, असा विचार मनात यायचा आणि मी तो कुणाला सांगत नसे.

आमची पोफळीची बाग. सुपारी पिकली की पलीकडच्या एका गावातून बस्त्याव आणि त्याचे दोघे भाऊ येत. एका पोफळीवर चढायचं, शेंडा झुलवायचा आणि खाली न उतरता दुसरी धरायची, हे काम त्यांचं. आमच्याकडचे चढणारे एकेक करून मुंबईला गेले होते. बस्त्याव माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून येत होता. खळ्याच्या कोपऱ्यातल्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, ते तिघे राहत, हंगाम आटोपला की सुपारी आणि माझ्या आईने दिलेले पोहे घेऊन परत जात. तो देश वेगळा, हे आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं. आता मात्र बस्त्याव परदेशी झाला होता आणि त्याला कामावर यायचं तर परवाना हवा होता. सातेरीकडे मी तोच मागितला होता.

माझ्या जिवाला घोर लागला होता तो केवळ सुपारीचा नव्हता. पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. कुत्रा भुंकला की ते मान वळवून विचारीत, "बस्त्याव इलो काय रे?"

"येतलो, बाबा. वायच दम धरा," मी म्हणे.

सावंतवाडीच्या कचेरीत मी हेलपाटे घातले. तिथले साहेब घाटावरचे, वागायला सरळ. ते म्हणाले, "हे पाहा, बाहेरच्या माणसाला कामाचा परवाना द्यायचा तर तो माणूस माझ्यासमोर उभा राहायला हवा. मी त्याला पाहीन, विचारीन, मग सही करीन."

"पण साहेब, परवान्याशिवाय तो नाक्यावरून आत येणार कसा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते खरं आहे," ते म्हणाले. "पण नियम मी केलेला नाही."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. मनातल्या मनात देवीला म्हणत होतो, द्यायचंच नव्हतं तर कौल कशाला दिलास? शेजारी एक पोक्त बाई होती, मांडीवर नारळांची पिशवी. बराच वेळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "झिला, तुमच्या सातेरीची जत्रा कधी रे?"

मी मार्गशीर्षातली तिथी सांगितली. ती खूश झाली. "माझी भैण येतली पल्याडसून. जत्रेक सोडतत हो नाक्यावर. ओटी भरूक जातंय म्हटलां की दोन दिसांची चिठ्ठी देतत."

मी ताठ बसलो. जत्रेसाठी माणसं आत येऊ शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं. बहीण कुठल्या गावची ते विचारलं, तर ते बस्त्यावचंच गाव निघालं. "बस्त्याव? चर्चीच्या मागे ऱ्हवता तो? तेच्याच बावीर माझी भैण पाणी भरता," ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. जत्रेची चिठ्ठी घेऊन ये, असा निरोप बस्त्यावला धाडायचं तिने कबूल केलं आणि एका फाट्यावर उतरून गेली. तिचं नाव विचारायचं माझ्या लक्षातही आलं नाही. जत्रेच्या गर्दीत मी तिला पुष्कळ शोधलं, पण ती पुन्हा दिसली नाही.

जत्रेच्या दिवशी मी सकाळपासून नाक्यावर होतो. गर्दीतून तो येताना दिसला, गळ्यात क्रूस, हातात तेलाची बाटली, मागे दोघे भाऊ. बंदोबस्तासाठी ते साहेबही तिथेच तंबूत बसले होते. मी तिघांना त्यांच्यासमोर उभं केलं.

साहेबांनी क्रुसाकडे पाहिलं. "तुम्ही ख्रिस्ती. देवीच्या जत्रेला कसे?"

बस्त्यावने टोपी काढली. "सायबानू, ही सातेरी आमच्या चर्चीतल्या मिलाग्र सायबिणीची भैण. घरच्यांची भेट घेवपाक आयलां."

साहेबांनी परवान्याचा कागद पुढे ओढला. मग मला म्हणाले, "माणूस समोर उभा आहे. आता माझी अडचण नाही." तिघांनाही परवाना मिळाला, तीन महिन्यांचा.

बस्त्यावने आधी देवळात दिव्यात तेल घातलं, मग आमच्या घरी आला. बाबांच्या उशाशी बसून म्हणाला, "दादा, पोफळी पिकल्यो आनी तूं न्हिदून?" बाबांचा अर्धा चेहरा हसला, दोन्ही डोळे वाहू लागले. त्यानंतर रोज त्यांची खाट आम्ही बागेत नेत असू. वरून बस्त्याव हाका मारी, खालून बाबा आपल्या जड जिभेने त्याला शिव्या देत, आणि आई म्हणे की औषधाने जे झालं नाही ते शिव्यांनी होतंय.

माघाच्या अखेरीस, सुपारी सगळी उतरून वाळत पडली होती तेव्हा, बाबा गेले. सकाळची पेज बस्त्यावच्याच हातून घेतली होती. तिरडीला एका बाजूने मी होतो, दुसऱ्या बाजूने तो. गावात कुणी आडवं आलं नाही.

बारावं आटोपल्यावर त्याला आणि त्याच्या भावांना नाक्यावर पोचवायला गेलो, तेव्हा परवान्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. परत येताना वाटेत माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथेच एका दगडावर बसलो. मी मागितला तेव्हाच, दिवाळीच्या आत, तो परवाना मिळाला असता, तर पौषातच, बाबा जाण्याच्या आधी, बस्त्यावला परत जावं लागलं असतं. ज्या उशिरासाठी मी देवीवर रागावलो होतो, त्याच उशिराने बाबांना त्यांचा मित्र शेवटपर्यंत पुरला.

हा चमत्कार होता की योगायोग, हे मला कधी कुणी विचारतं. मी एवढंच सांगतो, की त्यानंतर सातेरीपुढे पुष्कळदा काही ना काही मागितलं आहे, पण कधी दे, हे तिला सांगितलेलं नाही.